‘नळी झिजलीय’ म्हणून पैसे उकळतात, तेव्हा आधी हे तपासा

2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मिळवलं तेव्हापासून ‘पोरीला रायफल घेऊन देऊ’ म्हणणारे पालक आमच्याकडेही भेटतात. नवीन चांगली रायफल परवडत नाही, म्हणून बॅरल, म्हणजे नळी, सांध्यात मोडून (दुमडून) छर्रा भरायची जुनी स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली जाते. फसवणूक इथेच होते, आणि एकदा नव्हे, दोनदा: विकताना एकदा आणि दुरुस्तीला एकदा.

कुडाळकडच्या एका पालकांचं उदाहरण घ्या. साडेआठ हजारांना 0.177 ची (इंचात नळीचं माप) जुनी रायफल, वर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. विकणाऱ्यानं अंगणातच पत्र्याच्या डब्यावर मारून दाखवली. आवाज असा की शेजारच्या घरातले लोक बाहेर आले, नळीतून धूरही निघाला. ‘पावर बघा काका!’ घरी आणल्यावर 10 मीटरवर पाच छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरले. दुरुस्तीवाला म्हणाला, नळी झिजलीय, रायफलिंग (छर्र्याला फिरकी देणाऱ्या नळीतल्या तिरक्या खाचा) गेलं, बॅरल बदलावं लागेल. चार हजार घेतले. रायफल आली ती तशीच विखरून मारणारी, आणि बॅरलही जुनंच, तोंडाजवळच्या गंजाच्या डागासकट.

आधी तो धूर समजून घ्या. स्प्रिंग रायफलीत पिस्टन पुढे आपटतो तेव्हा हवा दाबली जाऊन भयंकर तापते. तिथे तेलाचा थेंब असेल तर तो पेटतो, डिझेल इंजिनात पेटतं तसा. त्यानं आवाज मोठा होतो, छर्रा जोरात सुटतो आणि पत्र्याला भोक पडतं. दर वेळी तेल वेगवेगळं पेटत असल्यानं वेग कमीजास्त होतो, शिवाय पिस्टनचं सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. डब्यावरचा धमाका दाखवणाऱ्याला ‘कागदावर पाच मारून दाखवा’ एवढंच म्हणा. नंतर चेहरा बघा.

‘हजार फूट वेग’ हा दुसरा पाठ केलेला डायलॉग. हजार फूट म्हणजे सेकंदाला साधारण 305 मीटर. 0.52 ग्रॅमचा नेहमीचा छर्रा या वेगानं सुटला तर ऊर्जा 24 ज्यूलच्या वर जाते. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 20 ज्यूलच्या वरच्या किंवा 0.177 पेक्षा मोठ्या नळीच्या एअर रायफलीला परवाना लागतो. म्हणजे विकणारा एकतर खोटं बोलतोय, किंवा तुमच्या गळ्यात बिनपरवान्याचं शस्त्र घालतोय. जाड स्प्रिंग टाकून ‘पावर वाढवून’ देणाऱ्यांनाही हेच लागू. त्यात धक्का वाढतो आणि नेम बिघडतो, हे वेगळंच.

आता ‘नळी झिजली’चं. छर्रा शिशाचा, नळी पोलादाची. शिसं इतकं मऊ की त्यानं रायफलिंग घासून जायला एका घरगुती रायफलीचं आयुष्य पुरायचं नाही. नळी मरते ती गंजानं, किंवा कोणीतरी लोखंडी सळी घालून साफ केल्यानं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रेक्झिनच्या कव्हरात स्पंजसकट ठेवलेली रायफल हमखास गंजते, कारण स्पंज ओल धरून ठेवतो, त्यात समुद्रावरची खारी हवा. पावसाळ्यात कव्हराबाहेर, तेलाचा हलका हात देऊन, हवेशीर खोलीत कुलूपबंद ठेवायची.

नळी खरंच गेली का, हे घरीच दहा मिनिटांत कळतं. रायफल कॉक न करता (स्प्रिंग न चढवता), न भरता घ्या. नेहमीसारखं बॅरल मोडलं की स्प्रिंग चढते, म्हणून फक्त मागचं तोंड दिसेल इतकंच उघडायचं, कुणीतरी धरून ठेवायचं, बोटं सांध्यात घालायची नाहीत. मागच्या तोंडात छर्रा बसवा आणि नळीत सहज जाणाऱ्या गुळगुळीत लाकडी काडीनं हळूहळू पुढे ढकला. हाताला सगळीकडे सारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच सैल किंवा मध्येच घट्ट लागलं तर तिथे गंज, घाण किंवा पोचा आहे. बाहेर आलेला छर्रा नखावर घेऊन उजेडात फिरवा. त्याच्या घेरावर रायफलिंगच्या बारीक तिरक्या रेघा सारख्या अंतरानं, सारख्या खोलीनं उमटलेल्या दिसल्या तर नळी ठणठणीत आहे. कुडाळच्या रायफलीतून निघालेल्या छर्र्यावर रेघा मोजता येतील इतक्या स्वच्छ होत्या. चार हजार त्या छर्र्यानंच वाचवले असते.

तसंच नळीचं पुढचं तोंड. तिथे इअरबडचा कापूस आतून बाहेर हळू फिरवा. एखाद्या ठिकाणी धागा अडकला की समजा तिथे कंगोरा आलाय. छर्रा सुटताना मागची हवा एका बाजूनं आधी निसटते आणि तो तिरका जातो. हे दुरुस्त होतं, त्याला नवं बॅरल लागत नाही.

मग विखुरतं कशानं? बहुतेक वेळा स्क्रूंनी. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आटतो, आणि पुढचे दोन स्क्रू ढिले होतात. स्प्रिंग रायफल दोन्ही दिशांना धक्का देते, आधी मागे आणि मग पिस्टन आपटला की पुढे, त्यामुळे तिचे स्क्रू भरभर सुटतात. आधी ते घट्ट करा, पण जीव काढून नाही, लाकूड चिरतं. पुढे बॅरलच्या सांध्याचा बोल्ट. रायफल बंद असताना नळी डावी-उजवीकडे हलवून पाहा. टकटक जाणवली तर बोल्ट कसावा लागेल. बंद करताना नळी दर वेळी वेगळ्या जागी बसत असली तर नेम दर वेळी हलणारच.

स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी क्लिप दोन्ही धक्क्यांनी मागे सरकते. रायफलीवर 11 मिलिमीटरची रुळासारखी पट्टी असते. क्लिपच्या मागे त्या पट्टीवर पेन्सिलनं रेघ मारा, वीस छर्रे मारा. रेघ झाकली गेली असेल तर चोर सापडला. उपाय म्हणजे अडसराची पिन असलेली क्लिप. स्वस्त बारीक नळीचे स्कोप हा धक्का सोसत नाहीत, आतली नेम धरायची जाळी (फुलीच्या रेघा) हलते. आणि ‘स्पर्धेला चालेल’ म्हणून स्कोप गळ्यात मारणाऱ्याला सांगा की 10 मीटर एअर रायफल स्पर्धेत दुर्बिणीची साइट चालत नाही. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो स्कोपशिवायच मारायचा असतो.

स्कोपऐवजी साध्या साइटची (नेम धरायच्या खाचेची) रायफल विकत घेताना मागची साइट कुठे लावलीय ते पाहा. ती अगदी खाली टेकवलेली असेल आणि तरी छर्रे वर जात असतील, तर कधीतरी नळी उघडी असताना घोडा दाबला गेलाय. नळी फाडकन वर आपटते आणि वाकते. विकणारा साइट ओढूनताणून जमवून देतो. अशी रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

सांध्यातल्या सीलची परीक्षा टिश्यूपेपरनं होते. सांध्यावर पातळ पट्टी ठेवून नळी सुरक्षित दिशेला धरून छर्रा मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. सील स्वस्त असतं, तेवढंच बदलून मागा.

छर्ऱ्यांचंही पाहा. डब्यात दबून मागचा झगा (पोकळ घेर) वाकडा झालेले बाजूला काढा. पांढरी भुकटी धरलेले शिशाचे छर्रे टाकून द्या, आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. रायफल तपासायची तर दुमडलेल्या गोधडीवर तळहात ठेवून त्यावर सैल विसावू द्या. नळी थेट भिंतीवर किंवा टेबलावर टेकवली की उडी मारते. पाचही छर्रे उभ्या ओळीत लागले तर वेगात गडबड आहे, मग सील, स्प्रिंग, तेल पाहा. दोन वेगवेगळे पुंजके आले तर काहीतरी ढिलं आहे. एकाच बाजूला सरकत गेले तर स्कोप. एवढा एक कागद दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ठेवला तरी ‘नळी झिजलीय’ तो दोनदा विचार करून बोलेल.

दुरुस्तीला देण्याआधी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि लगतच्या लाकडावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावा, असा की अर्धा स्क्रूवर, अर्धा लाकडावर. परत आल्यावर ठिपका जुळलेलाच दिसला तर रायफल उघडलीच गेली नाही, मग आतल्या ‘नव्या स्प्रिंग’चे पैसे कसले? काढलेला जुना भाग परत मागा आणि तो देणार हे आधीच बिलावर लिहून घ्या. बॅरलवर जिथे नंबर किंवा गंजाचा डाग आहे तिथला जवळून फोटो तारखेसकट काढा.

बिल असेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत. दुकानदार बहुतेकदा हेल्पलाइनवर तक्रार गेली की पैशांची भाषा बदलतो. मात्र ओळखीच्या माणसाकडून घेतलेल्या जुन्या रायफलीला ग्राहक कायदा सहसा उपयोगी पडत नाही. तिथे पैसे देण्याआधी व्हॉट्सअॅपवर त्याच्याकडून लिहून घ्या: नळीचं माप, काय बदललंय, आणि कागदावरचे पाच छर्रे, फोटोसह.