थार पुढून उचलून घेतली, अंबडच्या गॅरेजचा अनुभव

माझी थार जुनी, सीआरडीई डिझेल इंजिनवाली. कंपनीचे 235/70 आर16 टायर काढून मोठे 245/75 टाकले, गाडी दिसायला एक नंबर झाली पण वळणावर खड्डा आला की पुढचा टायर मडगार्डच्या आतून घासायचा, बाजूला बसलेला माणूस दचकायचा. म्हणून नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या गाळ्यात गाडी नेली. नाव टाकत नाहीये, गॅरेजवाल्या मामांनीच नको म्हटलंय, आधीच लाइन असते.

त्याआधी एकीकडे विचारलं होतं, तो म्हणाला अर्ध्या तासात तीन इंच उचलून देतो. मामांना हे सांगितलं तर म्हणे, "तीन इंच? मग एक्सलचे बूट पण त्याच्याकडूनच बदलून घ्या शेठ." बूट म्हणजे एक्सलच्या सांध्यावरचं रबरी कव्हर, अँगल जास्त झाला की फाटतं. या थारला पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे लांब सळई, चाक वर गेलं की तिला पीळ बसतो, आणि चासीच्या टोकाला जो बोल्ट आहे तो आवळला की गाडी पुढून वर येते. लोकांना वाटतं सळई कडक झाली. तसं काही नसतं, फक्त गाडी उभी राहायची जागा वर सरकते आणि चाकाला खाली लटकायला जागा कमी उरते, त्यामुळे खड्ड्यात ठक्कन आवाज येतो, वर एक्सलचा अँगल वाढतो तो वेगळाच.

काम बघण्यासारखं. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), दोन्ही पुढची चाकं लटकती, म्हणजे बोल्टवर फार लोड येत नाही. बोल्टला तेल सोडलं, खडूने खूण केली, मग पाना. खाली उतरवल्यावर लगेच मोजलं नाही, गाडी पुढेमागे ढकलली, बंपरवर दोन-चार वेळा दाबली, आणि मग टेप लावला तो चाकाच्या सेंटरपासून मडगार्डच्या काठापर्यंत, जमिनीपासून नाही कारण टायरमधल्या हवेने माप फिरतं. एक बाजू बोटभर खाली निघाली तर परत घोडीवर! मी म्हटलं मामा चालेल, तर ऐकूनच घेतलं नाही.

एकूण इंचभर उचलली. त्र्यंबक रोड आणि पुढे हर्षेवाडीकडचा खडबडीत पट्टा मारून आलो, रोजचं घासणं गेलं. सस्पेन्शन पूर्ण दबलं की अजून लागतो, पण ते उंचीने जाणारच नाही, चाक वर थांबवणाऱ्या रबरापर्यंत यायचं ते येतंच. टायरमुळे मीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी खरी 105 च्या आसपास असते, समृद्धीवर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. हेडलाइटचा फोकस पण वर गेला होता, तो त्यांनी भिंतीवर बघून खाली घेतला, त्याचे पैसे नाही घेतले.

नावं ठेवायची तर दोन. फोन उचलत नाहीत, आणि अलाइनमेंटचं मशीन नाही. उंची बदलली की टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, हलतातच, अलाइनमेंट टाळलं तर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातील. म्हणून गाडी सकाळीच नेऊन लावा, म्हणजे संध्याकाळी अलाइनमेंटवाल्याने शटर ओढायच्या आत तिकडे पोचता येतं.