तीच पट्टी बदलायची की दरवेळी नवी करायची?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी निघते: वजन, दर, त्यातून हमाली आणि तोलाई वजा. ही पट्टी कोडमध्ये मांडायच्या दोन पद्धती.

पहिलीत ऑब्जेक्ट, म्हणजे कोडमधली ती पट्टी, एकच. त्याच्यावर पोतं वाढव, हमाली काप अशा मेथड (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) एकामागून एक चालवायच्या, आतला आकडा बदलत जातो. वाचायला सरळ, नवीन पोरालाही लगेच कळतं. दुसरीत मेथड जुन्या पट्टीला हात लावत नाही, बदललेली नवी पट्टी परत देते. 2021 मध्ये जावा 16 ला रेकॉर्ड (एकदा भरला की न बदलणारा माहितीचा साचा) कायमचे आले, तेव्हापासून यातली लिहालिही बरीच कमी झाली.

माझ्या हातात कोड आला तो पहिल्या पद्धतीचा. हमाली स्क्रीनवर दाखवताना एकदा कापली जायची, छापताना पुन्हा. ते शोधायला डीबगर (चालता कोड मध्येच थांबवून आत बघायचं साधन) लावला, ओळीवर थांबवला, आणि हमाली जाऊन किती उरतात ते बघायला तीच मेथड तिथं चालवली. झालं! समजा 52,000 चे 51,760 व्हायला हवेत, तर छापताना 51,280, म्हणजे 240 तीनदा गेले. माझं नुसतं बघणंही कापणंच ठरलं. बरं, कापण्याआधी किती होते हे ऑब्जेक्टला विचारावं तर तो सांगणार कुठून? दुसऱ्या पद्धतीत आधीची आणि नंतरची, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघता येतात.

तिच्यातही खोडी आहेच. परत आलेलं धरून ठेवायला विसरलात की काम वाया. बिगडेसिमल या जावातल्या अचूक दशांश आकड्याची ॲड मेथड नुसती लिहून सोडली तर बेरीज हवेत जाते आणि कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा) गप्प बसतो. इंटेलिजे (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) निदान ओळ रंगवून दाखवतं. शिवाय रेकॉर्डच्या आतली पोत्यांची यादी लिस्ट.कॉपीऑफ (यादीची न बदलणारी प्रत) करून ठेवावी लागते, नाहीतर ती आतून बदलतेच. मेमरीचं म्हणाल तर मोजमाप केलेलं नाही, पण सौद्याच्या दिवशीही दुकानात कुणाची तक्रार आली नाही.

पट्टीचा छापायचा मजकूर जुळवताना मात्र मी स्ट्रिंगबिल्डरच (मजकूर स्वतःतच जोडत जाणारा, बदलता ऑब्जेक्ट) वापरतो. लूपमध्ये स्ट्रिंग (साधा मजकूर) जोडत गेलं तर दरवेळी आधीचा सगळा मजकूर पुन्हा कॉपी होतो. तसाही तो बिल्डर त्या एका मेथडबाहेर जात नाही.

तुमचा ऑब्जेक्टही असाच एका मेथडपुरता असेल तर पहिली पद्धत खुशाल घ्या. स्क्रीन, प्रिंट, एसएमएस असा फिरणार असेल तर मी तरी दुसरीच घेईन. हळदीची पट्टी आता रेकॉर्ड झालीय, बेदाण्याची करायला घेतलीय.