लाकडी स्टाँटन सेट : घोडे झकास, तळाचं फेल्ट कच्चं

जळगावात बुद्धिबळाचे प्लास्टिकचे सेट कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात. स्पर्धेच्या मापाचा, मोहऱ्यांच्या बुडात वजन भरलेला लाकडी सेट मात्र बहुधा सांगून मागवावा लागतो. हा तसाच मागवलेला, अमृतसरकडच्या कारागिरीचा. राजा पावणेचार इंच, म्हणजे ९५ मिलिमीटर. पांढरे मोहरे बॉक्सवूड या फिकट, टणक लाकडाचे, काळे शिसमचे, जादा दोन वजीर धरून ३४ नग. किंमत ३,६०० रुपये, पट वेगळा.

खोक्यावर नाव स्टाँटनचं, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज बुद्धिबळपटूचं. त्याने स्वतः एक प्यादंही कातलं नाही. ही घडण नॅथॅनियल कुकने १ मार्च १८४९ रोजी लंडनमध्ये नोंदवली, बनवून विकली जेक्स कंपनीने. हॉवर्ड स्टाँटनने दिली ती फक्त सही. बुद्धिबळावर पोट भरणाऱ्याकडे तेव्हा विकायला दुसरं होतं तरी काय! १८४३ मध्ये पॅरिसला जाऊन, प्रत्येकी १०० पौंडांच्या पैजेवर, त्याने फ्रान्सच्या सेंट-अमाँला ११ विजय, ६ पराभव, ४ बरोबरी असं हरवलं. त्या नावाला भाव आला तो तिथून. पण पैजा काही रोज लागत नाहीत. म्हणून १८४५ पासून १८७४ मध्ये मरेपर्यंत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये सदर चालवलं. १८५१ ची लंडनची स्पर्धा उभी करण्यात तोच पुढे होता. खेळायला बसला आणि चौथा आला. बॅटवर स्टिकर लावणारे आजचे क्रिकेटपटू त्याचेच वारस म्हणायचे.

सही विकाऊ असली तरी घडण अस्सल. त्याआधीचे मोहरे उंच, सडपातळ. धक्का लागला की आडवे, आणि वजीर कोणता, उंट कोणता ते नवख्याला कळायचं नाही. इथे बूड रुंद, वजन खाली, डोकं प्रत्येकाचं वेगळं. (आपला हत्ती मात्र यात बुरुज झाला, त्याला इलाज नाही.) या सेटमध्ये राजाचं बूड ४३ मिलिमीटर आहे, बोटाने चांगला कलवला तरी परत उभा राहतो. प्याद्याचं बूड २८. चार प्यादी एका घरात नीट मावली पाहिजेत, म्हणून पट सव्वादोन इंची घरांचाच घ्या. दोन इंची पट स्वस्त पडतो, पण मधल्या डावात मोहरे एकमेकांना घासतात.

घोड्यांचं कोरीवकाम या किमतीत अपेक्षेपेक्षा सरस आहे: आयाळीच्या रेषा खोल, नाकपुड्या सुट्या, चारही जवळजवळ सारखे. कान तेवढे जपा. तिथे लाकडाच्या रेषा आखूड पडतात, त्यामुळे घोडा फरशीवर पडला की आधी कानच उडतो.

आता दोष. दोन प्यादी खुळखुळतात, म्हणजे आतलं वजन सुटलंय. दुकानातच एकेक नग कानाशी धरून हलवून बघा. फेल्ट, म्हणजे बुडाखाली चिकटवलेलं मऊ कापड, काठाला सुटायला लागलंय; ते ओढून पूर्ण काढा, जुना गोंद खरवडा, फेविकॉलचा अगदी पातळ हात द्या आणि मोहरा उभा ठेवून वर जाड पुस्तक ठेवा, रात्रभर. गोंद जास्त झाला तर फेल्टमधून वर येतो आणि पटावर डाग पडतो.

खान्देशात खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५ ला टेकतो, लाकूड आकसतं; त्यात खोलीत कूलर, म्हणजे ओली हवा थेट अंगावर. कूलर चालू की फुगणं, बंद की सुकणं. याने राजा-वजिरावर उभ्या चिरा पडतात आणि पटाचे कोपरे उचलतात. सेट कूलरच्या झोतात मांडू नका, गाडीच्या डिकीत विसरू नका. चार-सहा महिन्यांनी सुती फडक्याने मेणाचा हलका हात पुरे. तेल नको, त्यावर धूळ बसते.

खराब नग दुकानदार बदलून देतो, पण तीन आठवडे लागतात आणि नवा मोहरा रंगाला किंचित उजळ येतो. प्याद्याला ते चालून जातं. राजा बदलायचा असेल तर जोडीतले दोन्ही राजे शेजारी ठेवून उंची बघितल्याशिवाय घेऊ नका.