डोक्यावरचा पांढरा ठिपका

इंग्लंडमध्ये परसात कोंबड्या पाळणाऱ्या, किंवा पाळायचं मनात असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहीत आहे.

आम्ही केंब्रिजजवळच्या एका गावात राहतो. इथे घरांना घरं लागून आहेत, त्यामुळे पहाटे आरवणारा कोंबडा कुणाला चालत नाही. म्हणूनच मला ऑटोसेक्सिंग जातीची ओढ होती. या जातींत पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं की अंगावरच्या लवेवरून नर की मादी ते कळतं. पनेट आणि पीज या शास्त्रज्ञांनी अशा जाती आमच्या शेजारीच, केंब्रिजमध्ये, तयार केल्या. त्यातली क्रीम लेगबार निळी अंडी देते.

लेगबार मिळेना. तेव्हा एकाने "माझी स्वतःची ऑटोसेक्सिंग लाइन आहे" असं सांगून बोलावलं. त्याने कालच निघालेली पिल्लं हातावर ठेवली. सगळी काळी, काहींच्या डोक्यावर पांढरा ठिपका. ठिपका असेल तो नर, नसेल ती मादी. आधीच्या खेपेची वाढलेली पिल्लंही दाखवली आणि ती तंतोतंत तशीच निघाली होती. मी विचारलं, "यांच्या पुढच्या पिढीतही असंच कळेल ना?" तो म्हणाला, "हमखास." एक पट्टेरी कोंबडा आणि दोन काळ्या कोंबड्या मी १२० पौंडांना घेतल्या.

इथेच माझं चुकलं. या पिल्लांचे आईबाप कुठे आहेत, हे मी विचारलंच नाही.

ती साधी संकर पिल्लं होती. लाल कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी यांची. पट्ट्यांचा जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. नराकडे अशी दोन गुणसूत्रं, मादीकडे एकच, म्हणून पट्टेरी आईचा हा जनुक फक्त मुलग्यांकडे जातो. पहिल्या पिढीत ठिपका खरं बोलतो, तो त्यामुळे. पण या मुलग्याकडे तो जनुक एकेरीच असतो, आणि पुढे तो त्याच्या निम्म्या पिल्लांत उतरतो, मग ती नर असोत की माद्या. म्हणजे दुसऱ्या पिढीत ठिपक्यावरून काहीच कळत नाही. खऱ्या ऑटोसेक्सिंग जातीत कोंबडीच्या अंगावरही पट्टे असतात, जरा पुसट का होईना, आणि कोंबड्यात ते दुहेरी असल्याने तो फिकट दिसतो. माझ्या दोन्ही कोंबड्या काळ्याभोर होत्या, मानेवर तांबूस झाक, पट्ट्यांचा मागमूस नाही. रोज दाणे टाकताना ते डोळ्यांसमोर होतं.

मी १८ अंडी मशीनमध्ये ठेवली, ३७.५ अंशांवर. रात्री उठून पाणी पाहायचे. एकविसाव्या दिवशी कवचाला टोचा पडला आणि आतून चिवचिव ऐकू आली, तेव्हा साताऱ्याच्या घरातली आजीची खुडूक कोंबडी आणि तिचं डालगं आठवलं. १३ पिल्लं निघाली. सहांच्या डोक्यावर ठिपका होता. नर समजून ती दोन आठवड्यांत एका शेतकऱ्याला देऊन टाकली. उरलेल्या सातांपैकी तीन ओळखीच्या मराठी कुटुंबाला दिली, "तलंगाच आहेत, बिनधास्त न्या" असं माझ्या तोंडाने सांगून.

सातव्या आठवड्यात माझ्याकडच्या दोघांचे तुरे लालभडक झाले. शेतकऱ्याला फोन केला, तर त्याच्याकडच्या सहांत तीन माद्या. विकणाऱ्याला फोटो पाठवले. "पिल्लं ओळखायला तुम्ही चुकलात" एवढं उत्तर आलं, नंतर त्याने फोन उचलणं सोडलं. पावती नव्हती. "पुढच्या पिढीतही" हे शब्द मी लिहून घेतले असते, तर पैसे मागायला निदान आधार राहिला असता.

पैशांचं दुःख आता राहिलेलं नाही. त्या कुटुंबातल्या सात वर्षांच्या मुलीने एका पिल्लाचं नाव चिंगी ठेवलं होतं. चिंगी पहाटे पाचला आरवायला लागली आणि शेजाऱ्यांनी कौन्सिलकडे तक्रार केली. ते तिला परत द्यायला आले तेव्हा मुलगी गाडीतून उतरलीच नाही. खोका मांडीवर घेऊन, भोकांतून आत बोट घालून बसली होती.