१०२ मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट की ६१ चा फुल फ्रेम?

फुजीफिल्मचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा जीएफएक्स १००एस टू घ्यावा की सोनीचा फुल फ्रेम ए७आर फाइव्ह, या पेचात असाल तर आधी सेन्सरची मापं बघा. फुजीचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिलिमीटर, सोनीचा साधारण ३६ × २४. पिक्सेल मात्र दोघांचे सारख्याच आकाराचे, ३.७६ मायक्रॉन. म्हणजे फुजीचा एकेक पिक्सेल काही सरस नाही. तसलेच पिक्सेल त्याच्याकडे जास्त आहेत. क्षेत्रफळ सुमारे १.७ पट असल्याने एकूण प्रकाशही तितका जास्त मिळतो, आणि फायदा होतो पाऊण स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

हा पाऊण स्टॉप मला चंद्रकळा पैठणीच्या पदरावर दिसला. जरीची चकाकी जळू नये म्हणून एक्सपोजर कमी ठेवलं की काळ्या रेशमाच्या चुण्या पार काळोखात जातात. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदीत, त्या तीन-चार स्टॉप उजळल्या की सोनीच्या फाइलला बारीक दाणा लवकर येतो. फुजीत धागा अजून धाग्यासारखा राहतो. याचं श्रेय लोक फुजीच्या १६ बिट फाइलला, म्हणजे छटांच्या जास्त बारीक पायऱ्यांना देतात. माझ्या मते बहुतेक श्रेय क्षेत्रफळाचंच आहे. आणि हो, फोटो नीट एक्सपोज झालेला असेल, फक्त मोबाइलवर बघायचा असेल, तर दोन्हींत फरक ओळखता येणार नाही.

फ्रेमच्या आकाराकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. फुजीची चौकट ४:३, सोनीची ३:२. पोर्ट्रेट किंवा कॅटलॉगसाठी ४:५ मध्ये कापलं की फुजीकडे सुमारे ९५ मेगापिक्सेल उरतात, सोनीकडे ५०. कागदावर १०२ विरुद्ध ६१ दिसणारा फरक इथे जवळजवळ दुप्पट होतो. तुमचं काम ४:५ चं असेल तर माझ्या लेखी फुजी घेण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

आता खाच. मोठ्या सेन्सरवर तितकीच डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे स्पष्ट दिसणारी खोली) हवी तर अ‍ॅपर्चर आणखी बंद करावं लागतं: सोनीवर एफ/८, तर फुजीवर साधारण एफ/१०. ट्रायपॉडवर शटर लांबवून हे भरून काढता येतं. हातात कॅमेरा आणि समोर हलणारं माणूस असेल तर आयएसओ (संवेदनशीलता) वाढवावा लागतो, आणि तो पाऊण स्टॉप तिथेच खर्ची पडतो. पार्श्वभूमी विरघळवण्यासाठी मीडियम फॉरमॅट हवाच, हेही मला पटत नाही. फुल फ्रेमला एफ/१.२ इतक्या मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्स मिळतात.

फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वात जलद शटर, फुजीचा १/१२५ सेकंद, सोनीचा १/२५०. हॅसलब्लाडच्या एक्स२डी या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याच्या लेन्समध्येच शटर असल्याने तिथे बऱ्याच लेन्सवर १/२००० पर्यंत जाता येतं, पण ते बजेट वेगळं. फुजीची एक अनकंप्रेस्ड रॉ फाइल २०० एमबीच्या आसपास जाते, तेव्हा हार्ड डिस्कचाही हिशेब धरा.

लग्नं, मुलं, प्रवास असं काम असेल तर बिनदिक्कत सोनी घ्या. स्टुडिओत दागिने, वस्त्रं, मोठ्या प्रिंटसाठी पोर्ट्रेट करत असाल तर फुजी. आणि फक्त चित्रं किंवा जुनी हस्तलिखितं टिपायची असतील, तर आधी सोनीच्या पिक्सेल शिफ्टची चाचणी घ्या: ट्रायपॉडवर १६ फोटो जोडून २४० मेगापिक्सेलची फाइल मिळते, आणि समोरचं काहीच हलत नसताना त्यावर भागू शकतं.