स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न लेकची गाइडेड बोट टूर: ४ स्टार

टिटलिस, चॉकलेट वगैरे टूरवाले दाखवतातच, ही छोटी बोट घेतली ती गाइडसाठी, बाई लेकच्या तळाबद्दलच बोलतात! १८ सप्टेंबर १६०१ ला रात्री भूकंप झाला, पाण्याखालचे उतार घसरले, लाटा उसळल्या आणि लेकमधून ल्युसर्न शहरातून बाहेर पडणारी रॉइस नदी चक्क उलटी वाहिली, शहराचा तेव्हाचा चिटणीस रेनवार्ड सिसाट याने ते लिहूनही ठेवलंय. मग गाइडबाईंनी तळातून काढलेल्या गाळाच्या कोरचा (म्हणजे नळीने काढलेला लांब दांड्यासारखा नमुना) लॅमिनेट केलेला फोटो हातात दिला, कोर उभा चिरलेला, बारीक बारीक पट्ट्या आणि मध्येच घसरणीचा एक जाड थर, त्यात खाली भरड वाळू नि वर पिठासारखी माती, कारण जड कण आधी बसतात. एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी घसरलं असेल तर संशय भूकंपावर, एकाच ठिकाणी असेल तर १६८७ सारखं, तेव्हा मुओटा नदीचा डेल्टा (नदीच्या मुखाशी साचलेला गाळ) भूकंपाशिवायच कोसळला आणि लाट आली. भारीच!

स्पीकर मात्र बेकार, मागे बसलात तर नुसतं इंजिन ऐकू येतं. आईबाबांना नेताय तर जॅकेट घ्या, लहान पोरं बोअर होतील. फक्त फोटोच काढायचे असतील तर मोठी स्टीमरच बरी.