सिडनी ते लंडन: पर्थ, सिंगापूर की दुबई?

सिडनी ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण १७,००० किलोमीटर. त्याला ताशी ९०० ने भागलं की १९ तास येतात, पण तिकीट काढताना हा आकडा कामाचा नाही. एवढं अंतर एका दमात कापण्यासाठी क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने एअरबस ए३५०-१००० विमानं मागवली आहेत. तोवर वाटेत कुठेतरी उतरणं आलंच.

सिंगापूरमार्गे अंतर सुमारे १७,२०० किलोमीटर होतं, दुबईमार्गे १७,५०० आणि पर्थमार्गे १७,८००. सर्वांत जवळची आणि सर्वांत लांबची वाट यांत फरक ६०० किलोमीटरचा, म्हणजे विमानाला पाऊण तासाहून कमी. दीड-दोन तासांचा थांबा धरला तर तिन्ही वाटांनी २४ तासांच्या आसपासच लागतात. त्यामुळे बघायचं ते एवढंच, की या २४ तासांचे तुकडे कसे पडतात.

पर्थमार्गे आधी पाच तास, मग सतरा-साडेसतरा तास सलग. क्वांटासचं बोइंग ७८७-९ मार्च २०१८ पासून पर्थ-लंडन हे १४,५०० किलोमीटर न थांबता उडतं. विमानात गाढ झोपणाऱ्यांना यासारखी वाट नाही, मध्ये कोणी उठवत नाही. पण इकॉनॉमीत मधली सीट मिळाली आणि झोप लागत नसेल, तर हे सतरा तास संपता संपत नाहीत. शिवाय इंधनाचं गणित इथे काठावरचं असतं. २०२४ मध्ये इराणचं आकाश टाळावं लागलं, तेव्हा लंडनकडे जाणारं हे विमान काही काळ इंधनासाठी सिंगापूरला उतरत होतं. लंडनहून पर्थला मात्र वारा पाठीशी असल्याने ते थेटच येत होतं.

सिंगापूरमार्गे आठ आणि चौदा तास. पाठदुखी, लहान मूल किंवा सोबत वयस्कर माणूस असेल तर मी डोळे झाकून हीच वाट सांगेन. पाय मोकळे होतात, आणि या मार्गावर कंपन्याही जास्त असल्याने भाड्यात निवड करता येते. दुबईमार्गे उलटा क्रम: चौदा तास आधी, साडेसात नंतर. मोठा टप्पा ताज्या अंगाने उरकायचा असेल तर हे बरं. कोणतीही वाट घ्या, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते.

परतीला, लंडनहून सिडनीला येताना, पश्चिमेकडून वाहणारे वारे तास-दीड तास वाचवतात. पण सिडनीचं घड्याळ ऋतूनुसार ९ ते ११ तास पुढे असतं. सोमवारी रात्री निघालेला माणूस बुधवारी पहाटे पोहोचतो, तेव्हा हॉटेल मंगळवारचं ठरवू नका.